आक्काच्या हिरडीचं पथ्य

डॉक्टरीणबाई सांगत होती आक्काला, पण बघत होती माझ्याकडे. शहाणी मुलगी. आक्काच्या चेहऱ्यावरूनच कुणालाही कळतं, की ही बाई ऐकणाऱ्यांतली नाही, ऐकवणाऱ्यांतली आहे.

"ओठ खाली ओढून बघायचं नाही, कुणाला दाखवायचं पण नाही. खळखळून चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, पाणी तोंडातून नुसतं सांडू द्यायचं. गरम नको, तिखट नको, कडक काही नको. मी सांगेपर्यंत खालच्या दातांना ब्रश नाही लावायचा. बोलायचं कमी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मिश्री तर..."

"मिश्रीचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

आक्काच्या तोंडात कापसाची घडी होती म्हणून मी वाचले. नाहीतर तिथेच माझी हजेरी घेतली असती तिने.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, माया. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पाठीमागे एकेरी, सगळ्या धाकट्या जावा करतात तसंच. सकाळ-दुपार-संध्याकाळ भाजल्या तंबाखूची मिश्री घासून घासून तिच्या खालच्या दातांची हिरडी इतकी उतरली होती की दातांची मुळं दिसायला लागली होती. म्हणून कल्याणच्या या दवाखान्यात तिच्या टाळूची कातडी काढून हिरडीला शिवली. आंब्याला कलम करतात ना, तसंच. फरक एवढाच, की झाड पण तेच आणि फांदी पण त्याचीच.

"अजून एक," डॉक्टरीण म्हणाली. "घरी येणारे सगळे हिरडीचंच विचारतील. पण जास्त दुखणार आहे ते टाळूला. जिथे लावलंय ते नीट शिवलंय, झाकलंय. जिथून काढलंय ती जखम मोठी आहे. तिकडे लक्ष द्या."

मला एकदम हसू फुटलं. ती म्हणाली, "काय झालं काकी?" मी म्हटलं, "काही नाही. बरोबर बोलताय तुम्ही."

हसू का आलं ते आत्ताच सांगून टाकते, मला पोटात ठेवून बोलता येत नाही. आक्काची मुलगी मेघना माझ्या पोटची आहे. यात गुपित काही नाही, सगळ्या नात्यागोत्यात माहितेय, मेघनाला पण शाळेत असल्यापासून माहितेय. आक्काच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिच्या घरी पाळणा हलला नव्हता, आणि मला दोन मुलींवर तिसरी मुलगी झाली. तेव्हा आम्ही सगळे बाळकुमला एकत्र राहायचो. दुपारची जेवणं झाली की सासूबाई, आक्का आणि मी मागच्या दारी मिश्री लावत बसायचो. तिथेच एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "कल्पिता, धाकटी हिला दे. घरातलं घरातच राहील." मला कुणी विचारलंच नाही असं मी नाही म्हणणार. विचारलं, आणि मी हो म्हणाले. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, पदरात दोन पोरी, आणि आक्का माझ्याकडे बघतच नव्हती, खाली जमिनीकडे बघत बसलेली. पुढे मेघना दीड वर्षाची झाली, चालायला लागली, तेव्हा आक्का आणि भाऊजी ठाकुर्लीला बिऱ्हाड करून गेले आणि तिला घेऊन गेले. त्या दिवसापासून मी मिश्रीला हात लावलेला नाही. डबी उघडली की मला मळमळायचं.

मग सगळे आक्काला विचारायचे, पोर रुळली का, जेवते का, रात्री रडते का. रास्तच आहे, पोर तिच्याकडे होती. मला भेटले की म्हणायचे, मोठ्या मनाची गं तू. मोठं मन! मोठं असलं म्हणून ते काय दुखत नाही होय? कुणी एकदाही विचारलं नाही. म्हणून त्या डॉक्टर मुलीने टाळूचं सांगितलं तेव्हा मला हसू आलं. खरं तर रडूच यायचं, पण दवाखान्यात माणसं बसली होती.

फोन मेघनाचा आलेला. "काकी, आईचं हिरडीचं ऑपरेशन आहे. मला सातवा लागलाय, जिने चढू नको म्हणतायत. राहशील का गं तिच्याकडे थोडे दिवस?" ती असते कल्याणला सासरी. जावई प्रफुल्ल चांगला आहे, पण नोकरीवरून उशिरा येतो. आणि भाऊजी गेल्यापासून आक्का ठाकुर्लीच्या घरात एकटीच. मी फोनवर हो म्हणायच्या आधीच पिशवी काढली होती.

थोड्या दिवसांवर माझं मन भागणार नव्हतं, हे पण सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आक्काकडे होणार. माझ्या दोन्ही थोरल्यांची बाळंतपणं मी केली. मालिश, शेक, बाळाची आंघोळ, सगळं या हातांनी. मला हे तिसरं पण हवं होतं. मेघनाने मला आई म्हणावं असा हट्ट मी कधी धरला नाही, आता या वयात कशाला धरू? पण माझी पोर ओली बाळंतीण होऊन पडलेली असताना तिच्या पाठीला परक्या बाईने तेल लावावं, हे मला सोसलं नसतं. आक्काला एवढंच विचारायचं होतं. इतरांपुढे माझी जीभ कशी तुरुतुरु चालते. आक्कापुढे मात्र तिला कुलूप लागतं, ही माझी जुनी रड.

आणि आता तर कुलूप आक्काच्या तोंडाला लागलेलं! म्हटलं, कल्पिता, याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

पण मुहूर्त कसला. तोंड बंद असलं तरी आक्काची सासूगिरी चालूच. चमचा ताटलीवर आपटला की पाणी. दोनदा आपटला की पंखा. मी नाचणीची आंबील गार करून द्यायचे, गुरगुट्या भात दह्यात घोटून द्यायचे, केळं कुस्करून द्यायचे. ती एक घास घ्यायची आणि माझ्याकडे असं बघायची, जसं काही मीच तिची भाकरी-चटणी चोरून खाल्लीय. हनुवटीला बाहेरून बर्फ धरायचा, तर तो पण तिला माझ्या हातून नको. मग उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या तळव्यावर घासून दाखवायची. मिश्री. मी मान फिरवायचे.

"मेघनाने काय सांगितलंय?" मी विचारायचे. मग हात खाली जायचा. मेघनाने आईला सरळ बजावलं होतं, मिश्रीचं बोट माझ्या बाळाला लागता कामा नये. सुटली तर बाळ तुझ्या हातात, नाही सुटली तर लांबून बघ. त्या धसक्याने आक्काने मिश्री सोडली, आणि सोडली म्हणून तर डॉक्टरीण ऑपरेशनला तयार झाली.

बघायला येणाऱ्यांनी तर उच्छाद मांडला. आपल्याकडे आजारी माणसाला नुसतं विचारून कुणाचं समाधान होत नाही, जखम बघायलाच लागते. समोरची रसिका आली ती मोबाइलची बॅटरी लावूनच. "जयभीम काकी! बघू तरी काय केलंय. जरा ओठ खाली करा ना." आणि आमची आक्का, जी आयुष्यात कुणाचं ऐकत नाही, तिने गुमान ओठाला बोट लावलं! मी झडप घालून हात बाजूला केला.

"तोंड आहे ते, प्रदर्शन नाही," मी म्हटलं. "टाके ओढले गेले तर तू येणारेस का शिवायला?"

रसिका फुगून गेली. संध्याकाळी आइस्क्रीम घेऊन परत आली, मनाने वाईट नाही पोरगी. पण तिने पण विचारलं ते हिरडीचं. सगळ्यांनी हिरडीचंच विचारलं. ती आइस्क्रीम वाटीत काढायला आत गेली तेव्हा मी आक्काला विचारलं, "टाळू कशी आहे?" आक्काने डोळे मिटले आणि हात असा छातीवर दाबला. खूप दुखतंय म्हणजे. मी गोळी दिली आणि तिच्या पाठीशी दुसरी उशी लावली.

त्याच रसिकाने जाता जाता मला दारात सांगितलं, "बरं झालं ना, काकींनी मालिशवाली आधीच ठरवून टाकली. डोंबिवलीची आहे, बाळाची आंघोळ पण तीच करणार. हल्ली मिळत नाहीत हो चांगल्या बायका."

ठरवली? मला न विचारता? अरे, मी काय मेले होते? आत येऊन मी आक्कासमोर उभी राहिले. ती आइस्क्रीम चाटत होती, चमच्याच्या टोकाने, लहान पोरासारखी. तिचा सुजलेला गाल बघून माझ्याच्याने बोलवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि भात घोटत बसले. इतका घोटला की त्याची खळ झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दही आणायला खाली गेले. परत येताना पहिल्या मजल्यावरच वास आला. तंबाखू भाजल्याचा वास, तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात तो. ज्या घरात मिश्री असते त्या घरातल्या माणसाला तो झोपेत पण ओळखता येतो. मी जिना कसा चढले मला माहीत नाही.

आक्का गॅससमोर उभी. तव्यावर तंबाखूची पानं धुरकटलेली. मी गॅस बंद केला, तवा फडक्याने उचलून तसाच मोरीत टाकला. चर्र झालं. आणि मग माझं डोकं फिरलं.

"हेच करायचं होतं तर माझी पोर कशाला नेलीस?" मी ओरडले. हो, एकेरीवर आले, पहिल्यांदाच. "तिने एक गोष्ट मागितली तुझ्याकडे, एक! तेवढी पण होत नाही? आणि मालिशवाली ठरवतेस? मी दिसले नाही तुला? पोर द्यायला मी चालले, आणि तिच्या बाळाला पाणी घालायला मी चालत नाही? बोल ना! आता का गप्प?"

तिने भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलं. मग ओठाकडे. माझ्या लक्षात आलं. मी खाली गेल्यावर बयेने ओठ ओढून आरशात बघितलं होतं.

"पांढरं पडलंय," आक्का म्हणाली. टाळूच्या जखमेवर डॉक्टरीणबाईने बसवलेल्या प्लास्टिकच्या झाकणामुळे शब्द जाड येत होते. "सडलं सगळं. कातडी लागली नाही. आता पथ्य कशाला पाळू? मला नाहीच लागत दुसऱ्याचं... काही लागत नाही मला."

मी तिचा उजवा हात धरला आणि पहिलं बोट बघितलं. स्वच्छ होतं. लावली नव्हती अजून. देवाशपथ म्हणायची सवय आमच्या घरात नाही, पण त्या क्षणी मी कुणाची तरी शपथ घेतली असती, इतका माझा जीव भांड्यात पडला. तिला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरीणबाईला फोन लावला. तिने आधी दोन शब्द सुनावले ओठ ओढल्याबद्दल. मग म्हणाली, "पांढरं दिसणारच काकी, वरचा थर निघतो तो. खालून गुलाबी येतं. रक्त नाही ना? वास नाही ना? मग हात लावू नका, आणि तपासायला ठरल्या दिवशी या."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आक्काने सगळं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

"रडू नका, टाके ताणतील," मी म्हटलं. पुन्हा अहो-जाहो. इतक्या वर्षांची सवय, रागाबरोबर गेली आणि रागाबरोबर परत आली.

"मालिशवाली तुला टाळायला नाही ठरवली," आक्का हळूहळू म्हणाली.

"मग?"

"तू आलीस तर सगळं तू करणार. तुला येतं. आणि मेघना बघणार, की हिला येतं आणि आईला येत नाही." ती थांबली, थुंकी हळूच गिळली. "माझ्याकडे ती चालत आली गं. मी कधी तान्ह्या पोराला पायावर नाही घेतलं. बाळकुमला तू न्हाऊ घालायचीस तिला, सासूबाई पाणी घालायच्या, आणि मी मोरीच्या दारात टॉवेल धरून उभी. रोज. एकदा तरी कुणी म्हटलं मला, माया तू बस? परकी बाई असली तर निदान माझी कुणी बरोबरी करणार नाही असं वाटलं."

आठवलं मला. दारातले तिचे पाय आठवले, चेहरा नाही आठवला, कारण मी वर बघतच नव्हते. पोर पायावर असली की आई वर बघते का कुठे? पण नंतर तरी बघायला हवं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघताच म्हाताऱ्या झालो.

"मला तुमची बरोबरी नाही करायची," मी म्हटलं. "मला तिच्या जवळ राहायचंय, बस."

आक्काने चमचा ताटलीवर आपटला, एकदा. मी पाणी दिलं.

तपासणीच्या दिवशी मेघना रिक्षाने दवाखान्यात आली, पोट सावरत, घामाघूम. डॉक्टरीणबाईने टाके काढले, आरसा दिला, आता बघा म्हणाली. हिरडी खरंच गुलाबी दिसत होती. मुळं झाकली होती, एका दाताचं जरा उघडं राहिलं होतं. ते तसंच राहील कदाचित, पण लागलंय छान, ती म्हणाली. मेघना आईच्या गळ्यात पडली. मी पर्स धरून बाजूला उभी राहिले.

"आई, त्या डोंबिवलीच्या बाईंना तारीख कळवायला लागेल आता," मेघना म्हणाली.

"ती नको," आक्का म्हणाली. "कल्पिता राहील. तुला बरं वाटेपर्यंत."

मेघनाने माझ्याकडे बघितलं. "खरंच काकी? मला विचारायचं होतं तुला, पण आईला काय वाटेल म्हणून..." आणि ती तिथेच रडायला लागली. सातव्या महिन्यात बायका कशानेही रडतात, पण हे तसलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तापली होती उन्हाने. डॉक्टरीणबाई बिचारी कागद चाळत बसली.

घरी आल्यावर मला वाटलं आक्का झोपेल. कुठली. तिने कपाटातून जुनी सुती चादर काढली, तिची घट्ट गुंडाळी केली, एका टोकाला उशीच्या अभ्र्याचा गोळा बांधला, डोक्यासाठी. मोरीत पाट टाकला, साडी गुडघ्यापर्यंत ओढून पाय लांब करून बसली.

"चल, शिकव," म्हणाली.

"अहो आक्का, अजून दोन महिने आहेत."

"मला वेळ लागतो. ये लवकर."

मी हसायला लागले, तर तिने बोट दाखवून दरडावलं, हसवू नको मला. नुकते टाके काढलेत. मी बादलीत कोमट पाणी काढलं. तिला म्हटलं, पाय असे जुळवा, मध्ये फट नको, पोर घसरतं. डोकं घोट्यांकडे, पाय पोटाकडे. तिने ती गुंडाळी नडग्यांवर ठेवली. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. चौसष्ट वर्षांची बाई, मला आयुष्यभर धाकात ठेवलेली, आणि एका चादरीला घाबरत होती.

"आधी अंगावर घालायचं, मग डोक्यावर," मी म्हटलं, आणि तांब्या भरून ओतला. थेट गोळ्यावर पडलं पाणी.

"हळू गं!" आक्का ओरडली. "डोळ्यांत गेलं ना मेघूच्या!"

नळ टपटपत होता. मी तांब्या खाली ठेवला, तिचा हात धरला आणि त्या गोळ्याच्या कपाळावर आडवा ठेवला.

"असा आडोसा करायचा," मी म्हटलं. "मग नाही जात."

आक्काने हात धरून ठेवला. मी हळू पाणी ओतलं, तिच्या बोटांवरून, दोन्ही बाजूंनी. तिची साडी भिजली, माझी पण भिजली. "आता कुशीवर वळवा," मी म्हटलं. "आक्का, वळवा ना." ती हात काढायलाच तयार नव्हती.